चेंडू वाटेत लागतो

पुढे जायचा चेंडू मागे आला आणि काउंटरच्या पत्र्यावर ठाणकन आपटला, तेव्हा निरुपमा हरदास वहीत तारीख घालत होती. सात जानेवारी, अठ्ठ्याण्णव. शेवटच्या आठाला शेपूट फुटलं आणि ते थेट समासात जाऊन थांबलं.

पाठोपाठ चेंडू मारणारा धावत आला. तिशी ओलांडलेला, उंच, स्वेटरची एक बाही वर आणि एक खाली. हातात गोल्फची काठी अशी धरलेली, की जणू कुणी हिसकावून घेणार आहे.

"सॉरी बेन, सॉरी... लाग्युं तो नथी ने?"

"मला नाही लागला," निरुपमा वहीकडे बघत म्हणाली. "तारखेला लागला."

तिच्या तोंडून नकळत मराठीच निघालं होतं. तो जरा थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी गावाकडचं कुणी भेटावं, तसं काहीतरी उमटलं.

"तुम्ही मराठी?"

"तुम्हीही, असं दिसतंय."

"आहे तर. म्हणजे घरात होतो. आता घरच राहिलं नाही, तर जरा गंज चढलाय."

तो परत वळला तशी ती म्हणाली, "मारताना श्वास सोडत जा. तुमचा अडकतोय."

"तुम्ही बघत होता?"

"नाही हो. माझी पाठ आहे तिकडे. ऐकत होते."

तो तिच्या पाठीकडे, मग मैदानाकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला... आणि मान हलवत निघून गेला. पुढचा चेंडूही वाकडाच गेला. पण या वेळी निदान पुढच्या बाजूला गेला.

हरणीच्या पुढे, विमानतळाच्या अंगाला, एका शेतमालकाने चार शेतं सपाट करून हे सरावाचं मैदान काढलं होतं. बडोद्याच्या आसपास तेव्हा नवनवे कारखाने येत होते, परदेशी पाहुणे येत होते, आणि त्या पाहुण्यांशी बोलायचं तर गोल्फ यायला पाहिजे असं साहेब लोकांना कळून चुकलं होतं. पहाटे सहापासून गाड्या लागत. निरुपमा काउंटरवर बसून नावं लिहून घ्यायची आणि पन्नास-पन्नास चेंडूंच्या बादल्या पुढे सरकवायची. थंडीत शहरातल्या मांडवीपासून लुनावरून इथवर येईतो तिची बोटं काकडून जात. मग चहाचा ग्लास गालाला लावून ती पाच मिनिटं नुसती बसायची आणि धुक्यातून येणारे आवाज ऐकायची.

कानाची सवय तिला वडिलांनी लावली होती. गोविंदराव हरदास. मांडवीच्या गल्लीतल्या छोट्या विठ्ठलमंदिरात त्यांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं. निरुपमा नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे झांज घेऊन उभी असायची. मागे उभ्या असलेल्याला बुवांचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. पण बुवा आता दम घेणार, आता वळणार, आता खालच्या सुरावर येणार, हे तिला पाठीवरून आणि पायांच्या आवाजावरून कळायचं. दोन वर्षांपूर्वी बुवा गेले. देवळातली मंडळी म्हणाली, "निरू, आता तू उभी राहा." ती राहिली. दर एकादशीला संध्याकाळी ती उभी राहायची आणि समोर मोजून अकरा माणसं बसायची. त्यातल्या अकराव्याला, दिनकररावांना, नमनातच डुलकी लागायची.

बाकीचे दिवस... बाकीचे दिवस जायचे. घरी आल्यावर कुलूप काढताना ती अजूनही मोठ्याने "आले हो" म्हणायची. शेजारच्या सरोजिनीबाईंना आधी वाटलं, घरात पाहुणा असेल. मग एक दिवस त्यांना कळलं, आणि त्या दिवसापासून त्या आपल्या खिडकीतून "ये गं" म्हणू लागल्या. तेवढं बोलणं झालं की निरुपमाचा दिवस बोलून संपायचा.

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. वहीत नाव लागलं, लक्ष्मीकांत दिघे. कोयलीकडच्या एका कारखान्यात इंजिनीअर. वडील रेल्वेत होते, बालपण करजणला गेलं, शाळा गुजराती. आई-वडील दोघेही आता नव्हते. हरणीतल्या एका सोसायटीत एकटा राहायचा.

मैदानावर शिकवायला जयवंतराव शिर्के होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते गोल्फही कवायतीसारखाच शिकवायचे. डावं कोपर सरळ, हनुवटी वर, उजवा गुडघा आत, मनगट असं, अंगठा तसा. लक्ष्मीकांतने सगळं एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. सतरा कलमं. ती चिठ्ठी तो खिशातून काढायचा, वाचायचा, ठेवायचा, आणि मग सतरा ठिकाणी आवळलेल्या अंगाने चेंडूवर तुटून पडायचा.

"दिघेसाहेब, चेंडू आहे तो, साप नाही," जयवंतराव म्हणायचे.

चौथ्या दिवशी तो रिकामी बादली घेऊन काउंटरशी आला आणि तिथेच टेकला.

"बेन, ते श्वासाचं तुम्ही म्हणालात ना... ते केलं तेव्हा दोन बरे गेले. पन्नासातले दोन. अजून काही ऐकू येतं का तुम्हाला?"

निरुपमाने पेन ठेवलं. "हात दाखवा."

"भविष्य बघणार?"

"काठी धरून दाखवा म्हणते."

त्याने काठी धरली. बोटांची पेरं पांढरी पडली.

"हे काय धरलंय तुम्ही?"

"व्हॉल्व्ह," तो ओशाळून हसला. "दिवसभर तेच केलंय दहा वर्षं. घट्ट नाही धरलं तर गळतं."

"देवापुढे आरती करताना तबक कसं धरता? त्यात निरांजन आहे, तेल काठोकाठ आहे. सैल सोडलं तर पडेल. घट्ट धरलं तर हात थरथरेल आणि तेल सांडेल. तसं धरा."

"मी आरती करून किती वर्षं झाली, मला तर खबरही नाही."

"हाताला आठवत असेल. विचारून बघा त्याला."

त्याने डोळे मिटले. खरंच मिटले, तिथे काउंटरशी उभ्या उभ्या. आणि निरुपमाला दिसलं की त्याच्या बोटांवरचा रंग हळूहळू परत येतोय, खांदे कानांपासून खाली उतरताहेत, आवळलेला जबडा सुटतोय. झोपेत माणूस जसा कोवळा दिसतो, तसा तो क्षणभर दिसला. तिने घाईने वही उघडली.

"काय झालं?" डोळे उघडून त्याने विचारलं.

"काही नाही. पुढचा नंबर कोणाचा बघतेय."

पुढे कुणीही नव्हतं. त्याने मागे वळून बघितलं.

मग हे रोजचंच झालं. निरुपमाने आयुष्यात एकदाही चेंडू मारला नव्हता. तिला त्या खेळाचे नियमही ठाऊक नव्हते. पण काठी फिरवणाऱ्या माणसाच्या अंगात कुठे गाठ बसली आहे, ते तिला ऐकू यायचं, आणि गाठ सुटावी म्हणून काय सांगावं ते तिच्या घरातून, देवळातून आपोआप तोंडावर यायचं.

"बूट काढा. जमीन गार लागतेय ना? टाचेला लागतेय की चवड्याला? काठी मागे नेताना उजव्या टाचेखालचं दव कळलं पाहिजे. मारताना डाव्या."

"मान वळवू नका, आख्खे वळा. आमचे बाबा पेटीवाल्याकडे वळायचे ना, तर नुसती मान नाही वळायची. कमरेपासून देऊळ वळल्यासारखं वाटायचं."

"ओलं धोतर झटकलंय कधी? जोर हातात नसतो, आवाज हातात होत नाही. आवाज होतो पार दुसऱ्या टोकाला. मनगट सैल... आणि फट्. हां, तसं."

"मी धोतर नेसत नाही."

"चादर झटका. चादर तर असेल घरी?"

"आहे. एकच."

"एकटा माणूस, एक चादर. हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिचे कान गरम झाले. त्याने ते पाहिलं. पुढचे दहा चेंडू तो उगाचच हसत हसत मारत होता, आणि जयवंतराव काठी टेकून म्हणत होते, "ही कवायत माझ्या पुस्तकात नाही, बेटा. पण चेंडू सरळ जातोय, तेव्हा मी आंधळा."

संक्रांतीचं उत्तरायण झालं. पतंगांचा मांजा मैदानभर पसरला होता, गवतात, जाळ्यांवर, खांबांवर. त्या सकाळी निरुपमा आली तीच लुनाच्या हँडलला गुंतलेला गुलाबी दोरा ओढत. एक वेढा तिच्या वेणीतही अडकला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"थांबा, हलू नका," लक्ष्मीकांत म्हणाला. "काच आहे त्याला."

तो तिच्या मागे उभा राहून दोरा सोडवू लागला. घाई नाही, ओढाताण नाही. एकेक केस बाजूला करून, एकेक पीळ उलगडून. निरुपमाला मागचं काही दिसत नव्हतं. पण त्याचा श्वास ऐकू येत होता, सरळ, मोकळा. अडकला होता तो तिचा.

"झालं," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "निरांजन धरल्यासारखं धरलं होतं."

त्या दिवशी बादली घेताना तो 'बेन', म्हणजे ताई, म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरुपमाने वहीत त्याचं नाव लिहिलं तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं, आणि दिवसभर ती त्या न उच्चारलेल्या शब्दाभोवती फिरत राहिली.

एका सकाळी तिने विचारलं, "एवढा जीव टाकून शिकताय, ते कशासाठी?"

"पंधरा फेब्रुवारीला हॉलंडचे पाहुणे येणार आहेत. आमच्या कारखान्यातून एका माणसाला दोन वर्षं रॉटरडॅमला घेऊन जायचंय त्यांना. आम्ही दोघं आहोत यादीत. काम दोघांनाही येतं. आमचे साहेब म्हणाले, पाहुणे मैदानावर माणूस पारखतात. कसा चालतो, कसा हरतो, चेंडू वाकडा गेला की काय करतो... पण निदान मारता तर आला पाहिजे."

"दोन वर्षं," निरुपमा म्हणाली.

"हं."

"तुम्हाला जायचंय?"

"जायचंय म्हणजे..." त्याने बादलीतला एक चेंडू उचलून तळहातावर फिरवला. "नवं शिकायला मिळेल. मोठं काम आहे. मला ते काम आवडतं. आणि इथे एवढं काय आहे? संध्याकाळी घरी गेलो की टीव्ही लावतो, आवाज असावा म्हणून. बघत नाही."

निरुपमाने पुढची बादली सरकवली. वरून मुंबईचं सकाळचं विमान गेलं आणि त्याच्या आवाजात न बोलणं झाकून गेलं.

फेब्रुवारीच्या सात तारखेला एकादशी होती. त्याने आपणहून विचारलं होतं, "मी आलो तर चालेल? मला कीर्तनातलं काही कळत नाही, आधीच सांगतो."

"कळायचं काही नसतं. बसायचं."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, दारात चपला नीट जोडून, मागच्या खांबाशी बसला. बारावा श्रोता. निरुपमाने निळी नऊवारी नेसली होती, हातात चिपळ्या. दीनानाथकाकांनी पेटीवर सूर धरला. नमन झालं, निरूपणाला सुरुवात झाली. कधी नव्हे ते दिनकररावही जागे होते, कारण आज निरूच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. एकटेपणावर निरूपण लावलं होतं तिने. देव माणसाला एकटं पाडतो तो आपल्याशी बोलावं म्हणून, असं ती सांगत होती... आणि सांगता सांगता तिची नजर तीनदा खांबाकडे गेली.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे नामाचा गजर झाला, देवळाच्या विश्वस्तांनी तिला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. ती वाकून नमस्कार करून उठते तो काय, खांबाशी कुणी नाही. दारातली चपलांची जोडीही नाही.

आख्यान अजून व्हायचं होतं. कीर्तनाचा सगळा जीव उत्तररंगात, कथेत. तिची कथा बांधून तयार होती. महिनाभर रोज लुनावर येता-जाता तिने ती म्हटली होती, आणि कुणासाठी म्हटली होती ते आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने ती अकरा माणसांना सांगितली. चांगली सांगितली. दीनानाथकाका पेटी बंद करताना एवढंच म्हणाले, "निरू, उत्तररंगात आज डोळ्यात पाणी होतं तुझ्या."

"धूप फार झाला होता, काका."

सोमवारी सकाळी तो आला तेव्हा ती वहीवरून मान वर करणार नव्हती. तसं तिने रस्त्यातच ठरवलं होतं.

"काय सुंदर झालं हो कीर्तन," तो काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला. "मी दोन दिवस तेच मनात घोळवतोय. आपल्याशी बोलावं म्हणून एकटं पाडतो... पण लवकर आटोपलं. मला वाटलं होतं, दोन तास तरी चालेल. हार घातला तसा मी उठलो. तुमच्याभोवती मंडळी होती, म्हटलं, आपण कशाला मध्ये."

निरुपमाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. हार घातला म्हणजे सत्कार झाला, सत्कार झाला म्हणजे कार्यक्रम संपला! करजणच्या गुजराती शाळेत वाढलेल्या या माणसाला कोण सांगणार होतं की कीर्तनात हार अर्ध्यावर घालतात? कथेतला राजा अजून राजवाड्याबाहेर पडलाही नव्हता, आणि हा स्कूटर काढून हरणीला पोचला होता.

हसू तिच्या घशाशी आलं. "हो," ती कशीबशी म्हणाली, "आटोपलं जरा."

तो चेंडू मारायला गेला. निरुपमा पाठ करून बसली. ठप्. ठप्. ठप्. आवाज वाईट नव्हता, पण पुरा नव्हता. चेंडूला लागायचा आणि तिथेच बसायचा. गेला महिनाभर ती त्या आवाजात काय कमी आहे ते शोधत होती. हात सैल झाले होते, पाय बोलत होते, श्वास वाहत होता. तरी काहीतरी मध्येच तुटत होतं.

ठप्.

आणि तिला लख्ख दिसलं. हा इथेही हार घातला की उठून जातोय.

चेंडूला काठी लागली की याच्या अंगाला वाटतं, संपलं. छाती तिथेच थांबते, हात तिथेच मरतात. पुढचा अर्धा फेरा, ज्यात सगळा जोर असतो, तो याने कधी केलेलाच नाही. एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य.

ती उठली. काउंटरला वळसा घालून दोन पावलं गेली. आणि थांबली.

पंधरा तारखेला सहा दिवस होते. हे वाक्य सांगितलं, तर तो जाणार. नाही सांगितलं, तर कदाचित राहणार. रोज सकाळी सहाला येणार, बादली घेणार, जाताना "उद्या येतो" म्हणणार.

ती मागे फिरून खुर्चीवर बसली.

त्या दिवशी तिने सांगितलं नाही. मंगळवारी सांगितलं नाही. बुधवारी त्याने आपणहून विचारलं, "काही ऐकू येतंय का आज?" तेव्हा ती म्हणाली, "वाऱ्यामुळे नीट कळत नाही." वारा नव्हता. गुरुवारी त्याच्या तळहातावर फोड आले होते आणि त्यांवर पट्टी होती. अर्धी बादली ठेवून तो परत आला.

"जाऊ द्या. नाही जमत. दुसऱ्याला जाऊ दे रॉटरडॅमला, मी आपला बराबर आहे कोयलीत." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "शाळेतही असंच व्हायचं माझं. सगळं जवळ जवळ यायचं."

निरुपमाला आनंद झाला. खरंच झाला, एक क्षणभर, अगदी लख्ख. आणि त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की चहाचा ग्लास तिने तसाच ओतून दिला.

घरी जाऊन ती देवापुढे बसली. वडिलांचं उपरणं खुंटीवर होतं. बुवा म्हणायचे, निरू, कीर्तनकाराला जे सुचतं ते त्याचं नसतं. आलेलं देऊन टाकावं. गायलेलं उरत नाही, पण न गायलेलं सडतं. तिने हात जोडले, पण मागितलं काहीच नाही. मागण्यासारखं जे होतं, ते देवापुढे बोलण्याची तिला हिंमत झाली नाही.

शुक्रवारी तो गाडीतळावरच होता तेव्हा ती पुढे गेली.

"एकादशीचं कीर्तन अर्धंच ऐकलंत तुम्ही."

"म्हणजे?"

"हार मध्येच घालतात. कथा त्याच्यानंतर असते. तुम्ही गेलात तेव्हा कथा सांगायची बाकीच होती."

लक्ष्मीकांतचा चेहरा असा उतरला, की तिला वाटलं, हे निराळ्या वेळी सांगायला हवं होतं.

"आणि तुम्ही मला सोमवारी काही बोलला नाहीत."

"आता बोलतेय. बूट काढा, चला. चेंडू म्हणजे तो हार आहे. तुम्हाला वाटतं, तिथे संपलं. तिथे संपत नाही, तिथे निम्मं झालेलं असतं. काठी तुमची पुढे कुठेतरी जायला निघाली आहे. चेंडू तिला वाटेत लागतो, एवढंच. त्याच्याशी थांबू नका. तुमच्या शर्टाची बटणं शेवटी त्या विमानतळाच्या दिव्याकडे झाली पाहिजेत. उजवी टाच आपोआप उचलली जाईल. उचलू नका, उचलली जाऊ द्या. आणि शेवटाला पोचलात की तिथे उभे राहा जरा. आरती होईपर्यंत."

ती जाऊन खुर्चीवर बसली, मैदानाकडे पाठ करून. पहिला चेंडू घसरला. दुसरा घसरला. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त गवतात अनवाणी पाय जागा शोधताहेत असा आवाज.

आणि मग तो आवाज आला. तबल्याच्या किनारीवर बोटाचं टोक पडावं, तसा. छोटा, स्वच्छ, आणि त्याच्या मागे काठीचा लांबलचक वारा, सुटत, सुटत गेलेला.

निरुपमाने वळून पाहिलं नाही. जयवंतराव मात्र बराच वेळ धुक्यात डोळे ताणून उभे होते. "अजून उतरला नाही," ते शेवटी म्हणाले.

रविवारी काय झालं ते तिला सोमवारी कळलं. तो उशिरा आला, दहा वाजता, ती आवरत असताना. गोल्फची पिशवी नव्हती. ऑफिसचे कपडे होते.

"चेंडू सगळे नीट नाही गेले," तो म्हणाला. "एक तर तळ्यात गेला. पण मी हसलो. पाहुणेही हसले. आज सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं. मार्चच्या पाचला निघायचं."

"छान झालं," निरुपमा म्हणाली. मनापासून म्हणाली. मग वही मिटून ती उभी राहिली, कारण पुढचं बसून सांगण्यासारखं नव्हतं. "मला तुम्हाला एक सांगायचंय. ते हाराचं मला शुक्रवारी नाही सुचलं. सोमवारीच सुचलं होतं. चार दिवस मी सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

तिने त्याच्याकडे न बघता लुनाची किल्ली शोधायला सुरुवात केली. ती तिच्या हातातच होती.

"तुमच्या हाताला फोड आले ते माझ्यामुळे. रागवायचं असेल तर रागवा."

"चार दिवस?" त्याने विचारलं.

"चार."

"मला कधी कुणी चार तास थांबवून धरलं नाही," लक्ष्मीकांत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "करजणहून निघालो तेव्हाही नाही. वडील म्हणाले, जा, गाडीची वेळ झाली. बरोबरच होतं त्यांचं..." त्याने पट्टी लावलेला तळहात उघडून पाहिला. "हे फोड तर मी आता जपून ठेवीन."

"काहीतरीच बोलताय."

"चला ना माझ्याबरोबर. तिथेही एकादशा असतीलच."

"तिथी असेल हो. पण माझी अकरा माणसं इथे असतात."

"अकरावा झोपतो म्हणालात."

"म्हणून तर. मी गेले तर तो झोपायला कुठे जाईल?"

तो हसला. तीही हसली. मग दोघांचं हसू हळूहळू विझलं, आणि मैदानावर फक्त गवत भिजवणाऱ्या पाण्याचा आवाज उरला.

"मग मी नको जाऊ?"

"जा. तुम्ही जावं म्हणूनच तर शेवटी सांगितलं मी. तुमचं काम आहे ते, आवडीचं."

"दोन वर्षांनी येईन. तेव्हा विचारू? घरी कुणाला विचारायचं असतं तुमच्या?"

"घरी कुणी नाही. मलाच विचारायचं. तेव्हा विचारा."

"आणि आत्ता विचारलं तर?"

"आत्ता विचारलंत तर मी हो म्हणेन. मग दोन वर्षं फार जड जातील."

त्याने मान हलवली. हळूच, समजल्यासारखी. "मग राहू दे," तो म्हणाला. "तुम्हाला जड नको जायला." आणि तो जाऊन स्कूटरवर बसला. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही. दुसऱ्या किकला झाली.

त्याने गाडी वळवली. फाटकापर्यंत नेली. निरुपमा बघत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो जाताना ती पाठ न करता उभी होती.

"लक्ष्मीकांत," तिने हाक मारली. नुसत्या नावाने, कीर्तनातल्या आवाजात. ती हाक फाटकाच्या पलीकडेही पोचली असती.

तो थांबला. इंजिन सुरूच होतं.

ती चालत त्याच्यापर्यंत गेली. "विचारा," ती म्हणाली.

"जड जातील म्हणालात."

"जाऊ देत. मागची दोन वर्षं हलकी गेली माझी. त्यांत काहीच नव्हतं."

त्याने स्कूटर बंद केली.